पेटाऱ्यावर फुजी: चित्र आधी, चौकट नंतर

लाकडी पेटाऱ्यावर जपानी चित्रकार होकुसाईची फुजी पर्वताची चित्रं लावायची तर एक पथ्य पाळा: चित्र सागाच्या फळीवर थेट चिकटवू नका. फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. कागद तिच्यामागे धावू शकत नाही, आणि दोन फळ्यांच्या जोडावर बरोबर उभा फाटतो. म्हणून चौकट सागाची, आत ६ मिमी प्लाय आणि चित्र प्लायवर.

मापं चित्रावरून काढायची. ‘कनागावाची लाट’ आणि ‘लाल फुजी’, दोन्ही १८३१च्या आसपासची, साधारण ३८ बाय २५.५ सेंमी. शेजारी-शेजारी बसवून उभ्या तीन आणि आडव्या दोन पट्ट्या ६० मिमी रुंद घेतल्या की दर्शनी बाजू ९४ बाय ३७.५ सेंमी भरते. पट्ट्यांना १० मिमी खोल खाच पाडा. प्लाय ३९८ बाय २७३ मिमी, म्हणजे चारी बाजूंनी १ मिमी मोकळीक. छापताना भोवती ७ मिमी कोरा कागद सोडा. तो खाचेत दडतो, कडा सुटत नाही. लाटेच्या डावीकडे वर शीर्षक आणि सही आहे, तीही शाबूत राहते.

न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या साइटवर मोठ्या फाइल मोफत मिळतात. ३०० डीपीआयसाठी (इंचाला ३०० ठिपके) लांबी ४,५०० पिक्सेल हवी. शाई पिगमेंटचीच, साध्या इंकजेटची निळाई ओल्या गोंदात पसरते आणि लाटेचा चिखल होतो.

मैद्याची खळ नको, कसर लागते. फेविकॉलच्या तीन भागांत एक भाग पाणी घालून प्लाय आणि कागदाची पाठ दोन्हींना लावा. कागद ओला झाला की वाढतो, तेव्हा पाच मिनिटं थांबून मगच चिकटवा आणि रोलर मधून कडेकडे फिरवा. घाई केली तर सुरकुत्या ठरलेल्याच. प्लायच्या मागेही त्याच दिवशी तसाच कोरा कागद लावा, नाहीतर वाळताना प्लाय वाकतो. फुगा राहिलाच तर लाटेच्या फेसाच्या गडद निळ्या रेषेवरून ब्लेडने चीर देऊन सिरिंजने गोंद सोडा. आकाशात मात्र चीर लपत नाही. तिथे फुगा दिसला तर नवीन प्रिंट काढा.

चोवीस तासांनी पातळ फेविकॉलचे दोन हात, ते वाळल्यावर पाण्यातल्या पीयूचे (पॉलियुरेथेन वॉर्निशचे) तीन. तेलातला पीयू उघड्या कागदात मुरला तर वड्याखालच्या वर्तमानपत्रासारखे डाग पडतात. हे सगळं झाल्यावरच चौकट जोडा. गोंद फक्त पट्ट्यांच्या जोडांना, खाचेत थेंबही नको.

झाकण कोरंच ठेवा. त्यावर लोक बसणार, कप ठेवणार.