शून्याचा रकाना

चौकट क्रमांक १४ गाठेपर्यंत पायाखाली कवचं करकरायला लागली होती. एरवी त्या वरच्या खडकावर पाऊल टाकायला जागा शोधावी लागते, कुणीतरी चिरडलं जाईल अशी धास्ती असते. त्या दुपारी वाकून पाहिलं तर खडकाच्या पायथ्याशी लिम्पेटच्या कवचांचा खच पडला होता. बरीचशी उताणी, काहींत मांस अजून तसंच. वास नुकता सुटायला लागला होता.

ही चौकट मी एकोणीस वर्षं मोजते आहे. खडकात पक्के बसवलेले स्टीलचे दोन बोल्ट, त्यांना टेकवून ठेवायची अर्ध्या मीटरची नळीची चौकट, आणि तिच्या आत जे जे जिवंत असेल त्याची नोंद. अशा चोवीस जागा आहेत, खालच्या शेवाळाच्या पट्ट्यापासून भरतीच्या वरच्या रेषेपर्यंत. उधाणाच्या दिवसांत मोठ्या ओहोटीला खालून सुरुवात करायची आणि पाणी चढेल तसं वर सरकायचं. सागरी जैवविविधता आणि हवामानबदल हा माझा विषय आहे असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे संशोधन जहाज येतं, खोल समुद्र येतो. माझी निम्मी कारकीर्द मात्र गुडघ्यांवर बसून, खडकापासून वीतभर अंतरावर डोळे ठेवून गेली आहे, आणि ती तशी गेली याचा मला आनंद आहे.

लिम्पेट म्हणजे टोपीसारखं कवच असलेली समुद्रातली गोगलगाय. भरतीत ती शेवाळ खरवडत फिरते आणि पाणी ओसरायच्या आत आपल्या ठरलेल्या जागी परत येते. काही जातींत ही जागा इतकी नेमकी असते की कवचाची कड त्या खडकाच्या उंचसखलपणाप्रमाणे घडत जाते, आणि खडकावरही लांबट गोल व्रण उमटतो. कड आणि व्रण एकमेकांत असे बसतात की आतला ओलावा सहजासहजी निसटत नाही. त्याच्याच जोरावर ती तासन् तास उन्हात तग धरते. जिवंत आहे की नाही हे ओळखायला उपकरण लागत नाही. बोटाने हळूच ढोसलं की ती खडकाला आवळून बसते. मग नखाने उचकटू म्हटलं तरी हलत नाही.

मी बोट लावलं आणि कवच हातात आलं. दुसरं लावलं, तेही आलं. व्रण सगळे जागच्या जागी होते, घरं पडल्यावर जोती उरावीत तसे. उजव्या बोल्टच्या वर एक मोठी लिम्पेट असायची, कवचावर बार्नेकलचा, म्हणजे खडकाला कायमचं चिकटून राहणाऱ्या कवचाच्या बारीक जिवांचा झुबका वाढलेली. नोंदवहीत तिला वेगळं नाव नव्हतं, पण दर खेपेला माझी नजर आधी तिच्याकडे जायची. तिचा व्रण ओलसर होता. ती खाली, उताण्या कवचांत कुठेतरी.

आधीचे चार दिवस उष्णतेची लाट होती, आणि नेमकी मोठी ओहोटी भर दुपारी येत होती. या जुळणीला आमच्या कामात फार महत्त्व आहे. उष्णतेच्या लाटेची पहाटेच्या ओहोटीशी गाठ पडली तर खडकावरचे बरेच जीव निभावून जातात. दुपारच्या ओहोटीशी पडली तर उघडा काळा खडक हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, आणि त्याला चिकटलेल्या जिवाला पळायला जागा नसते. सागरी जीवशास्त्रज्ञ ब्रायन हेल्मथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शिंपल्यांच्या वसाहतींत तापमापक बसवून हे २००२ साली दाखवलं. विषुववृत्ताकडे जावं तसा धोका सरळ वाढत जातो असं नाही. उन्हाळ्यातली ओहोटी जिथे दुपारी येते, असे उत्तरेकडचे किनारेही होरपळतात. जून २०२१ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ते साऱ्या जगाला दिसलं. किनाऱ्यापासून आत असलेल्या लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला, त्याच दिवसांत ओहोटी दुपारची होती, आणि तिथले सागरी जीवशास्त्रज्ञ क्रिस हार्ली यांच्या अंदाजाप्रमाणे एक अब्जाहून जास्त समुद्री जीव मेले. तो आकडा वाचला तेव्हा माझ्या मनात तो मावला नव्हता. एक अब्ज कसे डोळ्यांपुढे आणायचे? अर्ध्या मीटरची चौकट मात्र डोळ्यांत मावते, आणि म्हणूनच तिच्याकडे बघवत नव्हतं.

चौकटीशेजारी नाण्याएवढा तापमापक चिकटवलेला असतो. त्यातली नोंद संध्याकाळी उतरवून घेतली. लागोपाठ तीन दुपारी ४४ अंशांच्या वर. पण ते नंतरचं. खडकावर बसले होते तेव्हा माझ्याजवळ फक्त बोट होतं आणि गळून पडणारी कवचं.

माझा विद्यार्थी समोर बसून नोंद घेत होता. त्याचा हा दुसराच हंगाम. मी जातीचं नाव आणि आकडा सांगत गेले, तो पेन्सिलीने लिहीत गेला. मधेच मी कागदाकडे पाहिलं तर तीन रकाने कोरे.

"इथं काय झालं?"

"मॅडम, त्या जातींचं काहीच नाहीये ना, म्हणून सोडले."

"नाहीये तर शून्य लिही."

माझा आवाज चढला होता. त्याने काही न बोलता मान खाली घातली आणि मला लगेच वाईट वाटलं. चूक त्याची नव्हती. मी स्वतः त्याच्या वयाची असताना असेच रकाने कोरे सोडले होते, आणि आमच्या सरांनी आख्खा कागद मला परत दिला होता. "कोरा म्हणजे तू बघितलं नाहीस. शून्य म्हणजे बघितलंस आणि ते नव्हतं. पन्नास वर्षांनी हा कागद वाचणाऱ्याला तू फरक कसा सांगणार?" सरांचा आवाज कधीच चढला नाही. ते मला अजून जमलेलं नाही.

मग खडकावरच बसून मी त्याला विलिस ह्यूएट यांची हकीकत सांगितली. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागराच्या काठी, हॉपकिन्स मरीन स्टेशन या सागरी संशोधन केंद्राजवळ या तरुणाने १९३१ ते १९३३ या काळात खडकांवर एक सरळ पट्टा आखला, चौरस यार्डांत तो विभागला आणि प्रत्येक चौरसातले जीव मोजले. हवामानबदल तेव्हा कुणाच्या बोलण्यात नव्हता. साठ वर्षांनी, १९९३-९४ मध्ये, काही विद्यार्थ्यांनी त्याने खडकात बसवलेले पितळी बोल्ट शोधून काढले आणि तेच चौरस पुन्हा मोजले. किनाऱ्याच्या पाण्याचं वार्षिक सरासरी तापमान मधल्या काळात पाऊण अंशाने वाढलं होतं. दक्षिणेकडच्या उबदार पाण्यातल्या नऊ जातींपैकी आठ वाढल्या होत्या, उत्तरेकडच्या आठांपैकी पाच घटल्या होत्या. पाऊण अंश. हाताला जाणवतही नाही एवढा फरक, पण खडकावरच्या वस्तीने तो लिहून ठेवला होता. आणि तो वाचता आला, कारण एका माणसाने कंटाळा न करता मोजलं होतं.

काही वर्षांपूर्वी निधीच्या माझ्या अर्जावर एका परीक्षकाने शेरा मारला होता : "निव्वळ मोजदाद. नवीन काही नाही." त्यानंतर दोन वर्षं पैसे मिळाले नाहीत. मी रजा टाकून येत राहिले, चौकटींत खंड पडू दिला नाही. त्या शेऱ्याचा मला आजही राग येतो. माणसाने केलेल्या तापमानवाढीतली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्र पोटात घेतो आहे. ती तिथे काय करते हे कळायचं असेल तर आधी तिथे कोण होतं याची नोंद लागते. ती नोंद मागाहून करता येत नाही. गेल्या वर्षीचा खडक आज मोजता येत नाही.

विद्यार्थ्याने तिन्ही रकान्यांत शून्य लिहिलं. हात किंचित थरथरत होता, आकडे जरा मोठेच आले. मग त्याने विचारलं, "मॅडम, त्या भेगेत बघितलं?"

चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात दोन बोटं जातील एवढी एक भेग आहे. तिच्यात ऊन उतरत नाही. मी ती दर खेपेला तपासते. त्या दिवशी विसरले होते, हे इथे लिहायलाच हवं. मी पालथी झाले, बोट आत घातलं. गार ओल लागली. मग कवचाची एक कड, आणि ती कड माझ्या बोटाखाली आवळली गेली. घट्ट.

"एक," मी म्हटलं.

आणखी आत सरकवलं. "दोन." तिसरी पार मागे होती, नखाचं टोक कसंबसं पोचत होतं. तिने आवळलं की मला भास झाला, हे ठरेना. मी त्याला म्हटलं, तू बघ, तुझी बोटं बारीक आहेत. तो पालथा पडला, गाल खडकाला टेकवून बराच वेळ थांबला.

"आहे. धरतेय."

मागच्या खेपेला या चौकटीत ३१ होत्या. त्याने लिम्पेटच्या रकान्यात ३ लिहिलं, पुढे 'भेगेत' अशी टीप टाकली आणि स्वतःहून वेळही नोंदली. पाणी १३च्या बोल्टपर्यंत चढलं होतं. वरच्या दहा चौकटी अजून मोजायच्या होत्या. आम्ही पंधराव्या चौकटीकडे सरकलो, तेव्हा तो माझ्या पुढे होता आणि पाय टाकायच्या आधी प्रत्येक वेळी खाली बघत होता.