रोहतांग खोडलं, बंजार लिहिलं

गोव्यात हल्ली शाळेचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं आणि सुटी मिळते ती मे महिन्यापुरती. त्यामुळे ‘उन्हाळ्यात हिमाचलला जाऊ’ हे फोंड्यात बसून बोलायला सोपं; कॅलेंडर पुढ्यात घेतलं की हातात जेमतेम चार आठवडे.

मडगावहून थेट चंदीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती आठवड्यातून दोनच दिवस. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं. या साठात प्रवासाचा दिवस धरत नाहीत, आणि नेमकी तिथेच मी माती खाल्ली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पेनाने टिंबं देत मोजलं, प्रवासाचा दिवसही धरला आणि एक दिवस उशिरा सकाळी आठला लॉगिन करून बसलो. चारही तिकिटं वेटिंगवर. पुढच्या फेरीसाठी दिवस बायकोने मोजले. तिकिटं कन्फर्म, वर आईला खालचा बर्थ. टिंबं अजून भिंतीवर आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली जातात.

मुलाला मनाली आणि रोहतांगच हवं होतं. पण रोहतांग ३९७८ मीटरवर, गाडीला रोजच्या ठरावीक कोट्यातून परवाना काढायचा आणि आईला रक्तदाबाची गोळी चालू. समुद्राकाठच्या माणसाने दोन दिवसांत एवढं वर चढायचं, हे मलाच पटेना. नकाशात मनालीच्या अलीकडे बोट ठेवलं तर बंजार सापडलं: तीर्थन खोऱ्यातलं लहानसं बाजाराचं गाव, मनालीपेक्षा बरंच खाली, आणि शेजारी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेलेलं.

पार्क म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपलं कुळे आलं. जीपमध्ये बसायचं, दूधसागर बघून परत. इथे ते नाही. गाडी आत जात नाही, परवाना लागतो, आणि खोऱ्यातल्या गुशैणी गावापासून नुसत्या फाटकापर्यंतच आठ-नऊ किलोमीटर पायपीट. मग वाटण्या केल्या. फाटकापर्यंत मी आणि मुलगा, आई आणि बायको नदीकाठी. गाडीने ३१२० मीटरवरच्या जलोडी खिंडीत सगळे, पण चौथ्या दिवशी, अंगाला हवा लागल्यावर.

घरगुती राहण्याची सोय बघायला तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी आधी पैशांचं विचारलं. तिसऱ्याने विचारलं, “माताजी सीढ़ियाँ चढ़ लेंगी?” रस्त्यापासून घरापर्यंत चढ आहे म्हणाला आणि संध्याकाळी स्वतः चढत काढलेला व्हिडिओ पाठवला. दगडी पायऱ्या, मध्ये एक गाय आडवी बसलेली, शेवटी लाकडी सज्जा. चंदीगडहून रात्रीच्या मनाली बसने यायचं, पण कंडक्टरला वाटेतल्या ‘औट’ गावाचं नाव दोनदा बजावायचं, तिथेच बोगद्याच्या अलीकडे उतरायचं, नाहीतर थेट कुल्लू गाठाल, हेही त्यानेच सांगितलं. ॲडव्हान्स त्यालाच पाठवला.

परतीचं मात्र दिल्ली-मोपा विमान. तेवढा खर्च मुकाट्याने सोसला.

ट्रंकेतून स्वेटर काढले तेव्हा घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास, बाहेर घामाच्या धारा. आईने सोलांची पुडी बॅगेत आधी भरली, औषधं नंतर. मग चष्मा लावून तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि बोटांवर पायऱ्या मोजल्या.

“चौसष्ट. पारोड्याच्या डोंगरावर चंद्रनाथाला जाते मी. पण त्या गायीला आधी उठवायला सांग.”