आमची वाटचाल : पाण्याच्या टाकीपासून लसींच्या फ्रीजपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमची सुरुवात पंपांच्या कंट्रोल पॅनेलपासून झाली. सोसायटीच्या टाकीतला फ्लोट (पाण्याची पातळी सांगणारा तरंगता स्विच) गाळाने अडकला किंवा गच्चीवरून आलेली वायर उन्हाने तडकली, की वरची टाकी वाहायची, नाहीतर खालचा पंप कोरडा चालून मोटरचं वाइंडिंग जळायचं. पॅनेल कितीही चांगलं असलं तरी त्याला पाण्याची खरी पातळी कळायला हवी. म्हणून वायरलेस सेन्सर बनवायला घेतले.

काडेपेटीएवढ्या डबीत मायक्रोकंट्रोलर, लोरा रेडिओ (कमी विजेत लांबवर निरोप पाठवणारा) आणि ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल मावतो. खरी कसोटी टाकीत. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळेवरून पाण्याचं अंतर मोजतो. त्याला तोंडापासून साधारण २५ सेंटिमीटरच्या आतलं काही कळत नाही, म्हणून तो ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा निदान ३० सेंटिमीटर वर लावतो. भिंत, शिडी आणि इनलेटची धार यांपासून लांब. हवा १० अंशांनी तापली की आवाजाचा वेग पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २ मीटरला साडेतीन सेंटिमीटरची चूक. त्यामुळे जोडीला तापमानाचा सेन्सर हवाच. तोंडावर वाफेचे थेंब धरले की आकडे उड्या मारतात. अशा वेळी लागोपाठ ५ मापं घेऊन क्रमाने मधलं धरतो. सरासरी काढत नाही, कारण एकच खोटं माप तिला बिघडवतं.

जमिनीखालच्या टाकीत रेडिओ अडतो. वर आरसीसी स्लॅब, त्यावर बिडाचं झाकण. तिथे अँटेना झाकणाबाहेर काढावाच लागतो. सिग्नल कमजोर असला की लोराला संथ गतीने पाठवावं लागतं: २४ बाइटचा निरोप एसएफ ७ वर (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, आकडा जितका मोठा तितकी गती संथ) ६२ मिलिसेकंदांत जातो, एसएफ १२ वर दीड सेकंद घेतो. दर १५ मिनिटांनी एक निरोप आणि पाठवताना ४० मिलिअँपिअर धरले, तर वर्षाचा खर्च एकीकडे २४ मिलिअँपिअर-तास, दुसरीकडे ५८० च्या वर. बॅटरी किती वर्षं चालेल, असं सोसायटीच्या कमिटीने विचारलं की आम्ही आधी अँटेनाची जागा बघतो ती याचसाठी.

डबीतला हा लिथियम सेल बराच काळ पडून राहिला की आतल्या लिथियमवर क्लोराइडचा पापुद्रा धरतो. मग पहिल्याच निरोपाला व्होल्टेज खाली बसतं आणि सेन्सर पुन्हा पुन्हा रीसेट होतो. असा सेल फेकू नये. थोडा वेळ रेझिस्टरचा भार दिला की तो सहसा सावरतो. आमच्या बोर्डावर सेलच्या जोडीला कपॅसिटर असतो, तो निरोपाच्या वेळचा झटका सोसतो.

दवाखान्यांतल्या लसींच्या फ्रीजचं काम यातूनच आलं. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. तापमान मोजणारा प्रोब ग्लिसरिनच्या छोट्या बाटलीत बुडवतो, नाहीतर दार उघडलं की उगाच अलार्म वाजतो. चपटी केबल दाराच्या रबरातून बाहेर काढून ट्रान्समीटर बाहेरच ठेवतो, कारण फ्रीजचा पत्राही सिग्नल अडवतो. सगळ्यांचं लक्ष ८ अंशांकडे असतं. पण हेपॅटायटिस बी आणि पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र) लस गोठली तर कायमची निकामी होते, म्हणून २ अंशांखालचा अलार्म आम्ही कधीच बंद करू देत नाही.