तो कोपरा पुढच्या रविवारचा

फिशटँक घरात आणला तो मुलाने, आणि मुलगा शिकायला बाहेरगावी गेल्यावर टाकी माझ्या गळ्यात पडली. असं पुष्कळ घरांत होतं म्हणे. टाकी दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. खडी, दगड आणि वरची रिकामी जागा सोडली की पाणी साधारण साठ लिटर. हा आकडा मी पाठ करून ठेवलाय, कारण त्याचा चौथा हिस्सा म्हणजे पंधरा लिटर, आणि माझी निळी बादली बरोबर पंधरा लिटरची आहे. माझं सगळं साफसफाईचं शास्त्र त्या एका बादलीत मावतं.

सुरुवातीला मात्र मला वाटायचं, स्वच्छता म्हणजे लखलखाट. पहिल्याच वर्षी, तळाशी तपकिरी गाळ साठलाय आणि खडीत माशांची शी अडकलीय हे बघून मला राहवेना. एके सकाळी सगळे मासे पातेल्यात काढले, खडी परातीत उपसली आणि नळाखाली इतकी चोळली की तांदूळ धुतल्यासारखं नितळ पाणी यायला लागलं. फिल्टरचा स्पंजही पिळपिळ पिळला. काच घासली, टाकीत ताजं पाणी भरलं आणि मासे परत सोडले. टाकी अशी दिसत होती, की शेजारच्या वहिनींना मुद्दाम बोलावून दाखवली.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. अकरातले चार वाचले.

नंतर कळलं ते असं. माशांची शी, उरलेलं खाणं, कुजलेलं पान या सगळ्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. शिवाय मासे तो थेट कल्ल्यांमधूनही सोडतात. अमोनिया माशांना विष, कल्ले भाजून काढणारं. पण जुन्या टाकीत जिवाणू असतात. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही वाईटच, नायट्रेट मात्र बरंच सौम्य, पाणी बदलत राहिलं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते चिकटून बसतात स्पंजला, खडीला, दगडाला. म्हणजे मी नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली घासघासून जे धुतलं, तेच टाकीचं पोट होतं. ते पुन्हा नीट बसायला महिना-दीड महिना लागला. तोवर मी रोज थोडं थोडं पाणी बदलत होते आणि अमोनिया तपासायच्या किटमधलं पिवळं पाणी हिरवं होताना बघून हिरमुसत होते.

तेव्हापासून खडी टाकीबाहेर काढायची नाही. सायफनने, म्हणजे पाणी खाली बादलीत ओढणाऱ्या नळीने, जेवढं येईल तेवढंच घ्यायचं.

पहिला सायफन मी घरीच केला होता. पाण्याची बाटली कापली आणि बुचाच्या भोकात पातळ नळी बसवली. बाटलीचं कापलेलं तोंड सहा सेंटिमीटर, नळी एक सेंटिमीटर. नळीतून पाणी धो धो जायचं, पण बाटलीत खडी ढिम्म हलायची नाही. मुलाला फोनवर रडगाणं सांगितलं तर म्हणाला, ‘आई, व्यास सहापट म्हणजे क्षेत्रफळ छत्तीसपट. बाटलीत पाण्याचा वेग छत्तीसपट कमी होणारच.’ मग चार सेंटिमीटरचं नळकांडं आणलं. आता वेग सोळापट कमी, आणि माझ्या बारीक खडीला तेवढा नेमका पुरतो: खडी उसळते, नळकांड्यात अर्ध्यापर्यंत चढते, एकमेकींवर आपटते, तिच्यातली घाण सुटून वर जाते आणि जड असल्याने खडी परत खाली बसते. हे बघत बसायला मला फार आवडतं. धान्य पाखडताना फोलपटं उडतात आणि दाणे सुपात राहतात, तसंच हे, फक्त पाण्यात.

नळी तोंडाने ओढून सुरू करू नका. मी केलंय, एक घोट प्यायलेय, चव सांगत नाही. अख्खी नळी टाकीत बुडवायची, आतली हवा जाऊ द्यायची, एका टोकावर अंगठा दाबून ते बादलीत आणायचं आणि सोडायचं. बादली टाकीपेक्षा खाली हवी, एवढंच. त्याआधी हीटर बंद. पाणी उतरल्यावर तापलेली काच उघडी पडली तर तडकते. आणि बादलीकडच्या टोकावर अंगठा शेवटपर्यंत तयार ठेवायचा, कारण गप्पीची पिल्लं महाकुतूहली असतात. पाणी ओतायच्या आधी मी बादलीत टॉर्च मारून बघते. गाळ खाली बसला की दोन काळे ठिपके इकडून तिकडे पळताना दिसतात, ते डोळे. आजवर अशी सहा पिल्लं चमच्याने परत सोडली आहेत.

एका वेळी अर्धाच तळ. या रविवारी डावी बाजू, पुढच्या रविवारी उजवी. बादली भरली की थांबायचं, घाण समोर दिसत असली तरी. हे ‘तरी’ मला जमायला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी तळ, त्या दिवशी स्पंजला हात नाही. स्पंज धुवायचा तो वेगळ्या दिवशी, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबून, बस. झाडांच्या मुळाशी तर मी नळकांडं खुपसतच नाही, वरवर फिरवते. तो गाळ त्यांचा खाऊ आहे. बादलीतलं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना जातं आणि मनीप्लांट त्यावर माजलाय.

नवीन पाणी क्लोरीन घालवणारं औषध घालूनच भरते. रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो हे खरं, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो तसा उडत नाही. हाताला टाकीतलं आणि बादलीतलं पाणी सारखंच लागलं पाहिजे.

खडीचा थर पूर्वी चार इंच होता, शोभेसाठी. एकदा मोठा दगड उचलला तर खाली काळा डाग आणि सडक्या अंड्याचा वास. जिथे पाणी खेळत नाही तिथे असं होतं. थोडी थोडी करून खडी कमी केली, आता दोन इंच आहे. फिल्टरचं तोंड जरासं वळवलं तेव्हा आणखी एक गंमत कळली: घाण कुठे साठणार हे प्रवाह ठरवतो. आधी ती दगडामागे लपायची, आता पुढच्या उजव्या कोपऱ्यात गोळा होते. बघायला वाईट, काढायला सोपी.

‘तळ साफ करणारे’ म्हणून विकतात त्या माशांबद्दल एकच सांगते. कोरीडोरस उरलेलं खाणं टिपतात, शी खात नाहीत. प्लेको तर खातो त्याहून जास्त करतो की काय अशी शंका येते. त्याच्यामागे लांबलचक दोरा लोंबत असतो.

तरी मध्यंतरी गाळ अचानक दुप्पट झाला. मासे तेवढेच, फिल्टर ठीक, मी सकाळी एक चिमूट खाणं घालत होते. काही केल्या उलगडा होईना. मग एका दुपारी लवकर घरी आले, तर सासूबाई टाकीपाशी खुर्ची ओढून बसलेल्या आणि डबा मांडीवर.

‘अगं, बिचारे तोंड वासून बघतात,’ त्या म्हणाल्या.

‘आई, ते जेवल्यावरही तसेच बघतात.’

‘तुला काय ठाऊक, त्यांना भूक लागत नाही म्हणून?’

वाद घालण्यात अर्थ नव्हता. आता मी आठवड्याचं खाणं औषधांच्या सात खणांच्या डबीत भरून देते आणि खाऊ घालायचं काम पूर्ण त्यांच्याकडे. मोठा डबा वरच्या फळीवर. तीन आठवड्यांत गाळ पहिल्यासारखा झाला. मात्र आता रविवारी त्या खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसतात आणि बादली भरत आली की काठीने काचेकडे दाखवतात.

‘त्या कोपऱ्यात राहिलंय बघ.’

‘तो कोपरा पुढच्या रविवारचा, आई.’

‘मग आत्ता दिसतंय ते?’

मी अंगठा दाबते आणि नळी वर काढते.