आमची वाटचाल : पेनीला पेनी

एप्रिल 2004मध्ये आम्ही दोघी मैत्रिणींनी लंडनमधल्या वेम्बलीच्या ईलिंग रोडवर, साडीच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली आणि पाटी लावली. पाटी बघून लोक वर यायचे आणि व्हिसाचे फॉर्म मागायचे. आम्ही सॉलिसिटर नव्हतोच. सॉलिसिटरांचे हिशेब ठेवायचो, म्हणजे लीगल कॅशियर. मी सोलापूरची बी.कॉम. आणि आधी दहा वर्षं एका दोन पार्टनरांच्या ऑफिसात हेच काम केलेली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे काका. नैरोबीहून आलेले गुजराती सॉलिसिटर, एकटेच प्रॅक्टिस करायचे. सगळीकडे सॉफ्टवेअर आलं तरी त्यांच्याकडे लेजर कार्डं होती. डावीकडे ऑफिस कॉलम, म्हणजे फर्मचा स्वतःचा पैसा; उजवीकडे क्लायंट कॉलम, म्हणजे पक्षकाराचा, फर्मने फक्त सांभाळलेला. निळी चिठ्ठी क्लायंटच्या पैशाची, गुलाबी ऑफिसच्या. बेरजेच्या मशीनची कागदी पट्टी बँक स्टेटमेंटला टाचायची आणि खाली सही. ती कार्डं हाताळून कडांना मऊ झाली होती. कोणतीही रक्कम आली की काका आधी विचारायचे, “बेन, पैसा कोना?” कोणाचा ते कळेपर्यंत चिठ्ठी फाडायची नाही.

नियमाप्रमाणे रिकन्सिलिएशन, म्हणजे हिशेबाची जुळवणी, निदान पाच आठवड्यांतून एकदा हवं. बँक, कॅशबुक आणि सगळ्या क्लायंट लेजरांची बेरीज, तिन्ही एकच आली पाहिजेत. काका दर गुरुवारी करून घ्यायचे, कारण शुक्रवारी घरांची कम्प्लिशन्स, म्हणजे पैसे देऊन खरेदी पुरी व्हायची. आम्ही ती सवय उचलली, ती आजतागायत.

तेव्हा सॉलिसिटरांची बाजू मांडणारी आणि त्यांच्यावर कारवाई करणारी संस्था एकच होती, लॉ सोसायटी. डिसेंबर 2004च्या अहवालात, सरकारने नेमलेल्या सर डेव्हिड क्लेमेंटी यांनी ही दोन कामं वेगळी करायला सांगितलं आणि जानेवारी 2007पासून पाकिटांवर एसआरएचं, म्हणजे सॉलिसिटरांवर देखरेख करणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचं नाव आलं. चूल वेगळी झाली, सातबारा एकच राहिला. तो वेगळा व्हायला 2021 उजाडलं.

आता मुख्य गोष्ट.

नोव्हेंबर 2009. घरांचा बाजार मंदीत होता. आमच्या उत्पन्नाचा चाळीस टक्के भाग एकाच फर्मकडून यायचा. तिथे जुन्या, संपलेल्या फाइलींवर कुठे 80 पाउंड, कुठे 600, अशा शिलकी पडून होत्या. एका तिमाहीत त्या एकेक करून ऑफिस अकाउंटला गेल्या. नोंद ‘कॉस्ट्स’, म्हणजे फर्मची फी. बिल एकाचंही नाही. मी बिलांच्या प्रती मागितल्या. मोठे पार्टनर म्हणाले, टायमिंग डिफरन्स आहे, म्हणजे नुसता नोंदींच्या तारखांचा मागेपुढेपणा. माझ्या पट्टीवर बेरीज 23,460 पाउंड होती. इतका टायमिंगचा फरक मी तरी पाहिला नव्हता. हा पैसा क्लायंटला परत जातो. क्लायंट सापडत नसेल तर आज 500 पाउंडांपर्यंत ठरलेल्या अटींवर धर्मादाय देता येतो, त्यावर एसआरएची परवानगी लागते. पण पार्टनरच्या पगाराला तो कधीच लागत नाही.

मैत्रीण म्हणाली, “आपण सॉलिसिटर थोड्याच आहोत? आपल्याला काय करायचंय?” मी तिला सॉलिसिटर्स ॲक्ट 1974चं कलम 43 काढून दाखवलं. सॉलिसिटर नसलेल्या, पण त्याच्याकडून मेहनताना घेणाऱ्या माणसाचा अप्रामाणिकपणा सिद्ध झाला, तर परवानगीशिवाय त्याला कोणत्याच फर्मने कामाला ठेवू नये असा आदेश निघू शकतो. मी एक शनिवार-रविवार झोपले नाही. सोमवारी एसआरएला दोन पानांचं पत्र टाकलं.

तपासनीस आले, बसले, गेले. मग एके सकाळी फर्मची कुलुपं बदललेली. इंटरव्हेन्शन. फाइली आणि क्लायंट अकाउंट एसआरएच्या ताब्यात. कोर्टात दाद मागायला पार्टनरांना आठ दिवस असतात, ते त्यांनी जाऊ दिले. क्लायंटच्या पैशामागे कॉम्पेन्सेशन फंड, म्हणजे सॉलिसिटरांच्या वर्गणीतला भरपाई निधी, उभा असतो. आमची 11,200 पाउंडांची बिलं मात्र ऑफिसच्या खात्यावरची. त्यांच्यामागे कोणी नाही. एक पेनी आली नाही.

पैशापेक्षा बोलणं लागलं. “हिच्याकडे हिशेब दिला की एसआरए दारात,” असं सगळीकडे झालं. जूनमध्ये मैत्रीण चार गिऱ्हाइकं घेऊन समोरच्या फुटपाथवर गेली. तिच्या पत्रकावर पहिलीच ओळ होती, ‘संपूर्ण गुप्तता’. ते पत्रक माझ्याकडे अजून आहे. तिचं बरं चाललंय असं ऐकते.

त्या जुलैत काका जिना चढून आले आणि वर्षभराच्या फीचा चेक टेबलावर ठेवला. मी म्हटलं, “काका, पैसा कोना?” ते म्हणाले, “मारा छे,” म्हणजे माझे आहेत. आम्हा मराठी माणसांना ‘मारा’ भलतंच ऐकू येतं. सहा महिन्यांनी मी पहिल्यांदा हसले.

2011 ते 2022बद्दल लिहिण्यासारखं काही नाही. जुळत होतं. काकांनी मध्येच प्रॅक्टिस बंद केली, आणि बंद करतानासुद्धा, मागच्या कामावरून पुढे येऊ शकणाऱ्या दाव्यांसाठी, पुढच्या सहा वर्षांच्या विम्याचा हप्ता भरला. नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या मुलांनो, हा हप्ता आधी विचारा, मग पाटी रंगवा. आणि क्लायंट अकाउंटचं स्टेटमेंट स्वतः उघडत जा. कॅशियर कितीही चांगली असली तरी. मी असले तरी.

मग ऑक्टोबर 2023मध्ये ॲक्सिअम इन्स ही सॉलिसिटर फर्म बंद पडली. क्लायंटचे 6 कोटी पाउंडांहून जास्त गायब. कॉम्पेन्सेशन फंडाची वर्गणी 2024मध्ये माणशी 30वरून 90 पाउंड झाली, फर्मला 660वरून 2,220. माझ्या दोन एकट्या सॉलिसिटरांनी तेवढाच फरक आमच्या फीमधून कापून मागितला. ज्यांच्या 12 पेन्सचा हिशेब आम्ही लावतो, त्यांनी 6 कोटींची भरपाई करायची! एसआरएने पुरेसं आणि परिणामकारक काम केलं नाही, हे नंतर स्वतंत्र चौकशीतही आलं. 2009मध्ये माझ्या दोन पानांवर ते आले होते, हेही खरं.

नोव्हेंबर 2024मध्ये त्यांनी वेगळाच विषय काढला: सॉलिसिटरांनी क्लायंटचा पैसा स्वतःकडे ठेवावाच का? तिसऱ्याच कंपनीच्या खात्यात ठेवला तर? तसं झालं तर उजवा कॉलमच जाईल. मी चार पानांचं उत्तर पाठवलं. या वेळी नीट झोपूनही.

काकांची कार्डं मी फेकलेली नाहीत. बघायची असतील तर जरूर या, चहा मिळेल. फक्त गुरुवारी नको, गुरुवारी आम्ही जुळवत असतो.