सावली दक्षिणेला

आठवीत असताना भूगोलाच्या सरांनी झेंड्याच्या कट्ट्याशेजारी एक काठी रोवली होती. डिसेंबरचा शनिवार, सकाळची शाळा सुटलेली. सावलीच्या टोकाशी दर पंधरा मिनिटांनी खडा ठेवायचं काम माझ्याकडे. सगळ्यात आखूड सावली बाराला नव्हे, साडेबाराच्या पुढेमागे पडली, आणि पडली ती उत्तरेला. "विषुववृत्ताच्या पलीकडे जा, मग बघ," सर म्हणाले. मी ते पाठ करून परीक्षेत लिहिलं. आकृतीत दिशेचा बाण काढला नाही म्हणून अर्धा गुण गेला. तो अर्धा गुण अजून डोक्यात आहे.

पलीकडे गेलो तो पंपांच्या नोकरीमुळे. झांबियातलं माझाबुका: लुसाकाहून लिव्हिंग्स्टनच्या रस्त्याने सव्वाशे किलोमीटरवर, रेल्वेच्या कडेला वसलेलं शेतकऱ्यांचं गाव. आपला वाळवा तालुका विषुववृत्ताच्या वर १७ अंशांवर, हे गाव खाली १६ च्या आसपास. त्यात तिथेही ऊसच! काफुए नदीचं पाणी उपसून नाकांबालाच्या मळ्यात खेळवलेलं. आपला हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो; तिथला एप्रिलच्या सुमारास सुरू होऊन पावसाच्या तोंडाशी आटोपतो. तोडणीआधी फड पेटवतात. हे फोनवर ऐकून आई कळवळली, "अरे, मग जनावरांना वाढं कुठनं घालतात?" इथले टोंगा लोक गुरांवर जीव टाकणारे. काफुएचा पूर ओसरला की उघड्या पडणाऱ्या गवताळ पट्ट्यात गुरं चरतात, असं सांगितलं. आईला काही पटलं नाही.

सकाळी शेजारच्या आजी "मवाबूका बूती?" म्हणतात, म्हणजे कसे उठलात? "काबोटू," बरं आहे, म्हणायचं. जेवायला पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, न्शिमा. बोटांनी लाडू वळायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात पालेभाजी उचलायची. आपल्या हातांना हे शिकवावं लागत नाही.

२०२४ साली मात्र मक्याला तुरे यायच्या वेळीच पाऊस गेला. फेब्रुवारीत सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. धरणातलं पाणी आटलं तशी वीजही गेली, आणि पंपवाल्याला वीज जाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रस्त्याच्या एका बाजूला कालव्यावरचा हिरवा ऊस, दुसऱ्या बाजूला आकाशाकडे बघणाऱ्यांचा करपलेला मका. वाळव्याहून जतकडे जाताना असं रान बदलत जायचं, पण त्याला निदान दोन तास लागायचे. इथे मान वळवली की झालं. आजींच्या अंगणात त्या साली कणगी रिकामी होती. "काबोटू" त्या तरीही म्हणायच्या.

त्याच वर्षी जूनमध्ये, अंगात स्वेटर घालून, मी त्यांच्या अंगणात काठी रोवली. खडे ठेवायला त्यांची दोन नातवंडं. बारा वाजून दहा मिनिटांनी सावली सगळ्यात आखूड झाली. शाळेतल्यासारखीच, काठीहून जराशी कमी, आणि सरळ दक्षिणेला. पोरांना त्यात नवल ते काय! मी मात्र दहा मिनिटं तिथून हललो नाही.

फोटो काढून वेळ, तारीख, गावाचं नाव लिहून सरांना पाठवला. सर आता ऐंशीच्या घरात. संध्याकाळी उत्तर आलं: "छान. बाण कुठे आहे?"