लाकडी खोलीभोवती खडीची वाट

बागेत अवजारे ठेवण्यासाठी आमची एक छोटी खोली आहे आणि तिच्या भिंतींना बाहेरून आडव्या लाकडी फळ्या लावलेल्या आहेत. सतत पाऊस झाला की सर्वांत खालच्या फळीवर चिखलाच्या शिंतोड्यांचा पट्टा उमटत असे. एकदा तो पुसताना फळीच्या टोकाशी नख सहज आत रुतले, आणि तेव्हाच मी खोलीभोवती खडीची वाट करायचे ठरवले. ही वाट चालण्यासाठी हवी होतीच, पण त्याहून अधिक ती फळ्यांसाठी हवी होती. छपरावरून पडणारे पाणी मातीवर किंवा फरशीवर आदळले की उसळून भिंतीवर येते. खडीवर पडले तर ते दगडांच्या फटींत विखुरते आणि खाली मुरते.

फळीची खालची कड जमिनीपासून निदान 15 सेंटीमीटर उंच असावी. आमच्याकडे हे अंतर जेमतेम 9 भरले. म्हणजे वाटेचा वरचा पृष्ठभागच 6 सेंटीमीटर खाली न्यावा लागणार होता आणि थरांची जाडी 15 धरली तर खोदाई 21 सेंटीमीटर होणार होती. भिंतीलगत इतके खणण्यापूर्वी एका कोपऱ्यात छोटा खड्डा घेऊन पाया किती खोल आहे ते पाहिले आणि तो पुरेसा खोल असल्याची खात्री झाल्यावरच फावडे चालवले. बागेपेक्षा वाट खाली गेल्यामुळे तिच्यात बागेचे पाणी साचण्याचा धोका होता, म्हणून उताराच्या बाजूला पाणी बाहेर काढणारा एक उथळ चर खणला. या कामात सर्वांत जास्त वेळ त्या चराने घेतला आणि तो वेळ सत्कारणी लागला असे मला मनापासून वाटते.

तळाची माती भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतरती ठेवली: 90 सेंटीमीटर रुंदीत दीड सेंटीमीटर. त्यावर पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरले. अनेक जण येथे प्लास्टिकचा कागद घालतात, तो मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्याखाली पाणी जात नाही आणि वाटेचे डबके होते. कापडावर जाड खडी व दगडाचा चुरा यांचा 10 सेंटीमीटरचा थर दोन हप्त्यांत टाकून धुम्मसाने ठोकला. बाहेरच्या कडेला दगड बसवले, नाहीतर खडी पायांनी ढकलली जाऊन बागेत पसरते.

वरच्या थरासाठी गोल गोटे घेतले नाहीत. ते पायाखाली सरकतात आणि हातगाडीचे चाक त्यांत रुतते. फोडलेल्या, कोनदार खडीचे तुकडे मात्र एकमेकांत अडकून बसतात. खोली 3 बाय 4 मीटरची आहे, त्यामुळे 90 सेंटीमीटर रुंदीच्या वाटेचे क्षेत्रफळ जवळपास 16 चौरस मीटर झाले आणि 5 सेंटीमीटरच्या थराला सुमारे 0.8 घनमीटर, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास खडी लागली. ती घमेल्यांनी वाहताना पाठ चांगलीच भरून आली.

कुजलेली फळी बदलली. नवीन फळी कापल्यावर तिच्या दोन्ही टोकांना लाकूडसंरक्षक द्रवाचे तीन हात दिले, कारण कापलेल्या टोकातूनच लाकूड सर्वाधिक पाणी शोषते. त्यानंतरच्या मोठ्या पावसात मी मुद्दाम छत्री घेऊन तेथे उभा राहिलो. चरातून पाणी वाहत होते आणि खालच्या फळीवर एकही शिंतोडा नव्हता.